शास्त्रीय संगीत मैफिलींच्या प्रसारणाचा ध्वनिदर्जा

शास्त्रीय संगीत मैफिलींच्या प्रसारणाचा ध्वनिदर्जा म्हणजे सभागृहातील गायन-वादन नभोवाणीद्वारे श्रोत्यापर्यंत पोहोचताना मूळ नादाशी कितपत इमान राखते, याचे मान होय. मायक्रोफोनची मांडणी, सभागृह ते प्रक्षेपक यांमधील वाहिनी, प्रक्षेपणाचा प्रकार आणि श्रोत्याचा संच या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा हा दर्जा ठरवतो. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने वऱ्हाडातील, म्हणजे अमरावती-अकोला परिसरातील, श्रवणस्थितीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झाले. पुण्या-मुंबईच्या मैफिलींना जाणे ज्यांना परवडत नसे, अशा वऱ्हाडातील रसिकांसाठी रेडिओ हीच संगीतसभा होती. संमेलनातील मैफिली निमंत्रित श्रोत्यांपुढे होत; मात्र त्यांचे ध्वनिमुद्रण करून ते नंतर प्रसारित करण्याचा प्रघात पडल्याने, श्रोते ज्याला थेट मैफल समजत ती पुष्कळदा मुद्रित असे.

मध्यम लहरी

मध्यम लहरींवर शेजारच्या दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. त्यामुळे सामान्य संचावर सुमारे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा नाद जवळजवळ ऐकू येत नाही. गायकाचे मूळ स्वर याच्या पुष्कळ खाली असल्याने सूर कळतो, राग ओळखता येतो. हरवते ते स्वराभोवतीचे तेज. तंबोऱ्याची जवारी वरच्या स्वरांशांनी खुलते, तीच बोथट होते. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद पुसट झाल्याने बंदिशीचे शब्दही नीट लागत नाहीत. केवळ रेडिओ ऐकून उतरवून घेतलेल्या बंदिशींत पाठभेद शिरण्याचे हे एक कारण मानता येईल.

रात्री आणखी एक अडचण येते. दिवसा आयनांबरातील खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तित झालेल्या लहरी जमिनीलगत आलेल्या लहरींना येऊन मिळतात. दोन्हींचे बळ जिथे सारखे असते, तिथे आवाज खालीवर होतो, मधूनच फाटतो. हा पट्टा कंप्रता व जमिनीचा प्रकार यांनुसार बदलतो. नागपूरपासून सुमारे १५० कि.मी.वरील अमरावती त्याच्या आवाक्यात येऊ शकते. राष्ट्रीय कार्यक्रम नेमका रात्रीचा, त्यामुळे विलंबित ख्यालातील समेवरच आवाज बुडण्याचा अनुभव श्रोत्यांना नवा नव्हता. वळवाच्या दिवसांत विजांची खरखर वेगळीच.

प्रक्षेपणापूर्वी आवाजाची पातळी आपोआप सारखी राखणारी यंत्रणाही मैफलीचे रूप बदलते. मंद्रातील हळुवार आलाप वर उचलला जातो, तारसप्तकातील तान दाबली जाते आणि गायक श्वासासाठी थांबला की मागचा तंबोरा अकारण मोठा होतो.

एफ.एम. आणि डिजिटल प्रसारण

पुढे अकोला व अमरावती येथे आकाशवाणीची एफ.एम. केंद्रे झाली. एफ.एम.मध्ये १५ किलोहर्ट्झपर्यंतचा नाद पोहोचतो व खरखर फारच कमी असते. मात्र या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. सपाट पूर्णाखोऱ्यात त्या चांगल्या पसरतात, पण मेळघाटाच्या दऱ्याखोऱ्यांत अडतात.

२०१६ मध्ये आकाशवाणीने ‘रागम्’ ही शास्त्रीय संगीताची स्वतंत्र वाहिनी सुरू केली. ती इंटरनेटवरून कोठेही ऐकता येते. डिजिटल प्रसारणात विदा वाचवण्यासाठी मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक नाद वगळले जातात. विदादर फार कमी असल्यास याचा पहिला फटका पुन्हा तंबोऱ्यालाच बसतो. तो पाण्याखालून वाजल्यासारखा भासतो. तबल्याच्या चाटीची धारही अशा वेळी बोथट होते.

श्रोत्याचा संच

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची लाकडी पेटी मोठी असल्याने त्यावर जवारी हरवली, तरी डग्ग्याचा घुमार भरून ऐकू येई. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर नेमके उलट घडते: वरचे नाद येतात, पण घुमार व खर्ज नाहीसे होतात. साधा तारेचा इअरफोन लावला तरी ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.