सोन्याचा वर्ख, रोजाचा श्वास

दादीचा पंजसूरा आमच्या घरी हिरव्या जुजदानात, म्हणजे शिवलेल्या कापडी बस्त्यात असतो. पंजसूरा म्हणजे कुरआनातल्या निवडक सूरांची छोटी पुस्तिका. हा हाताने लिहिलेला आहे. कोणी लिहिला, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. प्रत्येक आयत संपते तिथे हरभऱ्याच्या डाळीएवढा सोनेरी ठिपका आहे. सूरह यासीनच्या पानांवरचे ठिपके मात्र जवळजवळ गेलेत, खाली नुसते तपकिरी डाग उरलेत. गेल्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला. चांद दिसला त्या रात्री मी पंजसूरा काढला आणि ठरवलं, ईदपर्यंत हे ठिपके पुन्हा सोन्याचे करायचे, तेही स्वतःच्या हाताने.

चित्रकलेशी माझा संबंध दहावीच्या आधीच सुटलेला. खिसा प्राध्यापिकेचा, त्यातही तासिका तत्त्वावरच्या. म्हणजे मार्चचं मानधन कोणत्या महिन्यात येईल, हे अल्लाहलाच ठाऊक. तेव्हा जे काही शिकायचं ते स्वस्तात, हे आधीच पक्कं होतं.

पान सोन्याने सजवण्याच्या या कलेला तजहीब म्हणतात. अरबीत ‘जहब’ म्हणजे सोनं, त्यावरून हा शब्द. कैरोत 1304 ते 1306 या काळात बैबर्स नावाच्या अमीरासाठी तयार झालेला सात खंडांचा कुरआन आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातला मजकूर सोन्याने लिहिलेला आहे आणि सजावट करणाऱ्यांत सन्दल नावाचा मोठा उस्ताद होता. 2023 मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, ती अझरबैजान, इराण, ताजिकिस्तान, तुर्कस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या नावावर. मुघल आणि दख्खनी दरबारांतून अशी कितीतरी पानं निघाली, तरी भारताचं नाव त्यात नाही. वाईट वाटलं. पण वाईट वाटून ठिपके भरत नाहीत.

चांदवडला धातूचं नवल नाही. होळकरांच्या काळात इथल्या टांकसाळीत चांदीचे रुपये पडत. पण सोन्याचा वर्ख लावायला शिकवणारं गावात कोणी सापडेना. ओळखीच्या सराफाला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, मुलामा द्यायचाय का? भांडं आणा, करून देतो.’’ मुलामा हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतूनच आला आणि मराठीत येऊन बदनाम झाला. वरून सोनं, आत पितळ, असा त्याचा अर्थ आपण घेतो. उर्दूतही त्याची अब्रू फार वेगळी नाही.

पहिली चूक मी याच वाटेने केली. नाशिकला हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात ‘गोल्ड लीफ’ नावाचं पाकीट मिळालं, शंभर पानं दोन-तीनशे रुपयांत. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ते सोनं नव्हेच, तांबं आणि जस्त यांचं पान, म्हणजे पितळ. हात बसवायला ते वाईट नाही, हे मी आजही सांगेन. ते जाड असतं, चिमट्याने उचलता येतं, फाटलं तर जीव हळहळत नाही. पण त्या वेळी केलेलं एक फूल मी मुद्दाम वर्षभर जपून ठेवलं. आज ते कडेने काळवंडलंय, मध्ये हिरवट झाक आलीये. अल्लाहच्या कलामाशेजारी हे लावलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

मग खऱ्या सोन्याचा हिशेब मांडला. इथे मला धक्का बसला, आणि तो सुखाचा होता. सोन्याचा वर्ख कुटून कुटून साधारण एक दशांश मायक्रॉनपर्यंत पातळ होतो. असे शेकडो वर्ख एकावर एक ठेवले तेव्हा कुठे एका केसाची जाडी होईल. एक ग्रॅम सोन्यातून सुमारे अर्धा चौरस मीटर वर्ख निघतो. आठ सेंटिमीटरच्या पंचवीस वर्खांची आख्खी पुस्तिका घेतली, तरी त्यात सोनं जेमतेम तीनशे मिलिग्रॅम. तोळा लाखापलीकडे गेलेल्या दिवसांत सुद्धा ही गोष्ट आवाक्यातली होती. पैसे नुसत्या सोन्याचे नसतात, कुटणाऱ्याच्या हाताचेही असतात, आणि ते योग्यच आहे. जकातीचा निसाब साडेसात तोळे सोन्याचा, म्हणजे 87.48 ग्रॅमचा. माझ्या या इस्टेटीवर जकात लागण्याची भीती नव्हती.

पूर्ण पुस्तिका मात्र मी घेतली नाही. मालेगावला युनानी औषधं विकणाऱ्या अत्ताराकडे वर्क-ए-तिला मिळतो. हकीम लोक तो खमीऱ्यात घालतात. बर्फीवरच्या चांदीच्या वर्खाचाच हा श्रीमंत भाऊ. सुटे पाच वर्ख घेतले, कागदाच्या घड्यांत ठेवलेले. (चांदीचा वर्ख वापरून पैसे वाचवावेत असं कुणाच्या मनात आलं तर नको. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, आणि अंड्याचा बलक चिकटवायला वापरला तर आणखी लवकर.)

चिकटवायचं कशाने? जुन्या काळी युरोपात हस्तलिखितांवर वर्ख लावायला लसणाचा रससुद्धा वापरत. लसूण तर घरातच होता. पाकळ्या ठेचल्या, फडक्यातून रस गाळला, साध्या ड्रॉइंग पेपरवर ब्रशने ठिपके दिले आणि वाळू दिले. वाळलेल्या ठिपक्यावर तोंडाने वाफ सोडायची, तेवढ्या ओलाव्याने तो पुन्हा चिकट होतो. त्याच क्षणी वर्ख ठेवायचा.

ऐकायला सोपं. पण दुपारचे तीन वाजलेले, सातमाळ्याच्या डोंगरावरून येणारा कोरडा वारा, महामार्गाची धूळ. पंखा लावला की वर्ख भिंतीवर जाऊन बसतो. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, अंगातून घामाच्या धारा. रोजाने घसा वाळवंट झालेला आणि त्यातून वाफ काढायची. शिवाय इफ्तारला तीन तास असताना खोलीभर लसणाचा वास. पहिला वर्ख मी स्वतःच्याच फुंकरीने उडवला. दुसरा बोटाला चिकटून बोटावरच विरघळल्यासारखा नाहीसा झाला. चुरगळलेल्या तुकड्यांकडे बघून मी अक्षरशः रडायच्या बेतात होते. पाचातले दोन गेले होते.

तेव्हा मालेगावच्या एका बुजुर्ग कातिबांकडे गेले. कातिब म्हणजे उर्दू मजकूर हाताने लिहिणारे. उर्दू छपाई संगणकावर जाण्याआधी अख्खी वर्तमानपत्रं हेच लोक बोरूने लिहीत. नव्वदच्या दशकात संगणक आला आणि त्यांची लेखणी थांबली. उस्तादांनी आधी माझं काम पाहिलं, मग हसले. म्हणाले, ‘‘बेटी, तुम फूंक रही हो. दम करना और है, ये और है.’’ आपण दुआ पढून ‘फू’ करतो, तसं इथे चालत नाही. आरशावर वाफ धरतो तसं, तोंड उघडून, छातीतून ‘हा’ करायचं. ‘फू’ थंड आणि कोरडी असते, ‘हा’ ऊन आणि ओली. रोजात घसा कोरडा असला तरी छातीतला श्वास ओला असतोच. तिथेच बसून केलं आणि वर्ख बसला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी दोन वर्ख घालवले होते.

फाटलेले तुकडे मी एका डबीत नेले होते, लाजत लाजतच दाखवले. त्यांनी ती डबी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या मते माझं शिक्षण आता कुठे सुरू होत होतं. आपल्याकडच्या तजहीबमध्ये वर्ख जसाच्या तसा चिकटवण्यापेक्षा त्याचा ‘हल’ करतात, म्हणजे सोन्याची शाई. चिनी मातीच्या ताटलीत मधाचे थेंब घ्यायचे, त्यात वर्खाचे तुकडे सोडायचे आणि बोटाच्या टोकाने घोटायचं. किती? दोन तास, तीन तास, आणखी. मग पाणी घालून ठेवायचं. सोनं जड म्हणून तळाशी बसतं, वरचं गोड पाणी ओतून टाकायचं. असं चार-पाच वेळा. शेवटी उरतो तो तपकिरी गाळ. त्यात डिंकाच्या पाण्याचा थेंब घातला की ब्रशने लावण्याजोगी शाई तयार. डिंक कोणता, तर आपला डिंकाच्या लाडवांचा बाभळीचा. सरसही चालतो, पण तो जनावराच्या चामड्या-हाडांचा. कुठल्या, ते सांगता येत नाही. म्हणून उस्तादांनी तो कधी वापरला नाही.

नवशिक्याने स्वस्तात हे काम शिकायचं असेल तर वाट हीच आहे, असं माझं मत झालंय. वर्ख फाटणारच. फाटलेला प्रत्येक कण डबीत गेला पाहिजे, कारण तो उद्याची शाई आहे. रोजात मध घोटण्याची एकच अडचण, सवयीने बोट तोंडाकडे जातं. दोनदा थोडक्यात वाचले.

लावलेला हल आधी मळकट पिवळा दिसतो, मोहरीसारखा. चमक येते ती घोटण्याने. त्यासाठी अकीक दगड लागतो, फारसीत त्या हत्याराला मोहरा म्हणतात. बाजारातला मोहरा महाग होता. अब्बांच्या चांदीच्या अंगठीत गुळगुळीत अकीक आहे, तीच मागून घेतली. कागदाखाली काच ठेवली, सोन्यावर पातळ कागद ठेवून आधी हलके, मग थेट घासलं. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला मोहरीच्या रंगातून सोनं वर आलं. मी अम्मीला हाक मारली. अम्मी पकोड्यांचं पीठ कालवत होती, ती तशाच हाताने आली.

कागदही तसाच तयार करावा लागतो. खळ आणि तुरटीचं पाणी द्यायचं, वाळवायचं, घोटायचं, म्हणजे शाई आत मुरत नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा जुनी आहे. मी मात्र ड्रॉइंग पेपरवरच भागवलं.

एक प्रश्न दरम्यान कॉलेजातल्या सहकाऱ्याने विचारला. इस्लाममध्ये पुरुषाला सोनं घालायला मनाई, मग कुरआनावर कसं चालतं? प्रश्न रास्त आहे. जुन्या काळच्या काही विद्वानांना ते पसंत नव्हतंच. पान सजलं आणि वाचणं राहिलं तर काय, ही त्यांची धास्ती. हनफी फिकहच्या ‘हिदाया’त मात्र मुस्हफ सजवायला हरकत नाही असं म्हटलंय, कारण हेतू आदराचा असतो. मला दोन्ही पटतात. ज्यांची धास्ती होती, त्यांनी आमच्या कपाटातले उघडलेही न जाणारे सोनेरी कव्हरचे कुरआन पाहिले असते तर काय म्हटलं असतं, हे मला कळतं.

विसाव्या रोजाच्या सुमारास हात बसला, असं मला वाटलं. वजू करून, पंजसूरा घेऊन उस्तादांकडे गेले. त्यांनी यासीनची पानं उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि नकार दिला. आधी कारागिराचं कारण सांगितलं. जुनी रोशनाई काजळी आणि डिंकाची असते. ओला ब्रश शेजारून गेला तरी अक्षर फुटेल. हल पाण्याचाच, आणि माझा हात तीन आठवड्यांचा. मग दुसरं सांगितलं. म्हणाले, ‘‘ये सोना झड़ा नहीं है. उंगली फिरी है.’’ पानं पुन्हा पाहिली तर खरंच, इतर सूरांचे ठिपके जवळजवळ शाबूत होते. घरात कोणी आजारी असलं, कोणी गेलं, शबे बरात आली की यासीन पढली जायची. दादी ओळीवरून बोट फिरवत पढायची, प्रत्येक आयतीशी बोट क्षणभर थांबायचं. आधी तिच्या सासूचंही थांबत असेल.

परतीच्या एसटीत मी रागावले होते, हे खरं सांगते. तीन आठवडे पंखा बंद करून बसले ते यासाठी? रात्री तरावीहनंतर एका कोऱ्या कागदावर ठिपके काढत बसले. यासीनच्या आयती 83, म्हणून त्र्याऐंशी ठिपके. आयत मी लिहिली नाही. अक्षर चुकायला नको, ते काम ज्याचं त्यानेच करावं. पहिले दहा-बारा वेडेवाकडे आहेत, चाळिसाच्या पुढे गोल येऊ लागले. सत्ताविसाव्या रात्री तो कागद जुजदानात, पंजसूऱ्याच्या मागे ठेवला. अम्मीने यासीन पढली तेव्हा तिचं बोट त्याच तपकिरी डागांवर थांबत होतं.

शिंपल्यात चिमूटभर हल उरला होता, तो वाळून तळाला चिकटला. या रमजानच्या पहिल्या रोजाला त्यात पाण्याचा एक थेंब टाकला. सोनं पुन्हा ब्रशला लागलं.