मागची जागा

आमच्या दारात मोटार आली ती 1999 च्या दसऱ्याला, आणि त्या दिवशी मी कुणाशी धड बोलले नाही. सोने द्यायला आलेल्या मंडळींना चहा दिला, पण तोंडावर हसू काही येईना.

आता तुम्ही म्हणाल, दारात मोटार आली आणि बाईला आनंद नाही? सांगते. दीपनगरच्या आमच्या वसाहतीत ज्या थोड्या घरी मोटारी होत्या त्या लहान, पांढऱ्या आणि पेट्रोलवर चालणाऱ्या. माझ्या मनात तशीच एक होती. आणि ‘हे’ पुण्याहून घेऊन आले ती लांबलचक, तीन वर्षे वापरलेली, डिझेलवर चालणारी. डिकी असते त्या जागी तर चक्क एक खोलीच! धाकट्याने पाहताक्षणी विचारले, “बाबा, ही अँब्युलन्स आहे का?”

ती होती टाटा एस्टेट. 1992 साली ही गाडी बाजारात आली. आधीच्या टाटामोबाईल या मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर ती उभी केलेली, म्हणजे जात मूळची कष्टकरी. एस्टेट हे नाव मात्र विलायतेतले. तिकडे जमीनदारांच्या इस्टेटीवर पाहुण्यांना सामानसुमानासह स्टेशनावरून आणायला अशा गाड्या असत. अमेरिकेत तिलाच स्टेशन वॅगन म्हणतात. आमची इस्टेट म्हणजे वीज मंडळाचे दोन खोल्यांचे क्वार्टर.

‘ह्यां’चा हिशेब सरळ होता. त्या काळी डिझेल पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्या भावाने मिळे. शिवाय ‘ह्यां’ची नोकरी बॉयलरवर, त्यामुळे जळणाचा विषय निघाला की घरात शिकवणी सुरू व्हायची. “पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलला ठिणगी नको. हवा इतकी दाबायची की तीच तापून लाल होते, मग तेलाचा फवारा मारला की झालं!” थंडीच्या दिवसांत पहाटे किल्ली फिरवण्याआधी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागे. मला त्याची भारी चिडचिड. त्यावर हे म्हणत, “आमचा बॉयलरही एकदम कोळसा खात नाही. आधी तेल जाळून त्याला ऊब द्यावी लागते.” पुढे मीही गाडी शिकले आणि त्या दिव्याकडे बघत देवाचे नाव घ्यायची सवय लागली.

गाडीच्या खणात एक वही असे. किती किलोमीटर, किती लिटर, कशासाठी. लिटरला बारा-तेराच्या खाली आकडा आला की घरात चौकशी!

पण वहीत न मावणारी गोष्ट म्हणजे मागची जागा. पाठीमागची बैठक आडवी केली की तिथे काय मावत नसे? वर्षाचे गहू मावत. रावेरकडून येताना केळीचे घड मावत. थंडीत भरिताची पार्टी ठरली की बामणोदची हिरवी वांगी पोत्याने मावत, आणि त्यांवर कांद्याची पात. वसाहतीचा गणपती त्याच जागेतून आला आणि तिथूनच तापीला गेला. धुळ्याला सासरी जाताना मी मागे गादी घालायची आणि पाच मुले पारोळ्यापर्यंत झोपून जायची. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो. ना पट्टा, ना काही. तेव्हा आम्हाला ते सुख वाटे.

आणि मग लोक यायला लागले. “ताई, लेकीचं कपाट जळगावला पोचवायचं होतं.” “वहिनी, आईला भुसावळच्या गाडीवर सोडायचंय, तिला पाय दुमडता येत नाही.” मला नाही म्हणता येत नसे आणि ‘ह्यां’ना हो म्हणता येत नसे. शेवटी त्यांनी वहीत दोन रकाने पाडले. एकावर लिहिले ‘घर’, दुसऱ्यावर ‘गाव’. ‘गाव’ या शब्दाखाली दोन रेघा.

धुळ्याच्या माझ्या दिरांचा अनुभव वेगळा. त्यांनी इंडिगो मरिना घेतली, तीही डिझेलची आणि मागे तशीच जागा असलेली. ही गाडी 2004 साली निघाली होती. भाऊजी व्यापारी माणूस, त्यांना ती नमुने न्यायला सोयीची. पण जाऊबाईंना लग्नाला तिच्यातून उतरायची लाज वाटे. “लोक म्हणतात, डिकीवाली घ्यायला पैसे कमी पडले का?” आपल्याकडे ही जात रुजली नाही त्याचे कारण मला यातच दिसते. मोटारीला मागे डिकीचा डबा असला म्हणजे ती साहेबाची, आणि छप्पर सरळ मागेपर्यंत गेले की ती सामानाची! टाटा सुमोसारख्या उंच गाड्या आल्यावर तर मोठ्या कुटुंबांनी एस्टेटीकडे पाहिलेही नाही.

आता ती रात्र. साल 2003, मे महिना. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. रात्री अकरालाही भिंती तापलेल्या. हे रात्रपाळीला. शेजारच्या वहिनींची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, तिचे नाव जळगावच्या दवाखान्यात घातलेले. दिवस भरायला अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या. वसाहतीची रुग्णवाहिका नेमकी दुसऱ्या रोग्याला घेऊन गेली होती. वहिनी दारात उभ्या राहिल्या, त्या काही बोलल्याही नाहीत. मी किल्ली घेतली. मागे गादी घातली, पोरीला आडवी केली, वहिनी तिच्या उशाशी बसल्या.

साकेगावची वाघूर ओलांडली आणि गाडीने आचका दिला. दुसरा, तिसरा, आणि इंजिन बंद. डिझेल संपले होते. ‘हे’ टाकी कधी भरत नसत. वहीवरून हिशेब करून लागेल तेवढेच घालायचे, अशी त्यांची शिस्त. आणि आदल्या दिवशी मी मुक्ताईनगरला एका आजींना सोडून आले ती फेरी वहीत लिहिलीच नव्हती. ‘गाव’च्या रकान्यात आणखी एक आकडा बघून कटकट होईल म्हणून मुद्दाम लिहिली नव्हती!

मागून पोरीचे कण्हणे ऐकू येत होते. मी रस्त्यात उभी राहून पदर हलवला. नागपूर-सुरत हमरस्ता तो, ट्रकांना काय तोटा? दुसराच थांबला. ड्रायव्हर उतरला, आत एकदा पाहिले आणि काही न विचारता नळी घेऊन आला. त्याच्या टाकीतून कॅनमध्ये, कॅनमधून आमच्या टाकीत. पेट्रोलची गाडी असती तर त्या अंधारात कुणापाशी हात पसरला असता?

पण डिझेलचे एक दुखणे असते. टाकी कोरडी झाली की नळ्यांत हवा शिरते, मग नुसते तेल ओतून भागत नाही. “ताई, हिनं एअर धरली असंन,” तो म्हणाला. ते मला ठाऊक होते, कारण रविवारी ‘हे’ फिल्टर बदलत तेव्हा बॅटरी धरून उभी मीच असायची. फिल्टरवरचा स्क्रू मी सैल केला, तो हातपंप दाबत राहिला. आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ तेलाची धार. स्क्रू आवळला. पहिल्यांदा किल्ली फिरवली तर नुसती घरघर. त्याने पुढे इंजेक्टरच्या नळ्या एकेक ढिल्या करून पुन्हा आवळल्या. चौथ्या वेळी इंजिन धडधडले. वीस मिनिटे गेली असतील. पैसे द्यायला लागले तर त्याने हात जोडले आणि ट्रकवर चढला. नावही विचारायचे राहिले.

पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

सकाळी ‘ह्यां’ना सगळे सांगितले. न लिहिलेल्या फेरीचेही सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग वही काढून मुक्ताईनगरची फेरी स्वतःच्या अक्षरात लिहिली, खाली जळगावची लिहिली, आणि पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून आणली. त्यानंतर काटा अर्ध्याखाली आलेला मी पाहिला नाही.

पुढे काळ बदलला. 2013 पासून डिझेल दर महिन्याला थोडे थोडे वाढू लागले, 2014 च्या ऑक्टोबरात सरकारने त्याच्या भावावरचा ताबा सोडला. जून 2020 मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकले गेले. त्याच वर्षी एप्रिलपासून धुराचे नवे, कडक नियम आले आणि मारुतीसारख्या कंपनीने डिझेलच्या मोटारी करणेच सोडले. आमचा तर धूर काळा. पंधरा वर्षे झाल्यावर 2011 साली पुन्हा नोंदणी केली, 2016 साली पुन्हा. तोवर ‘हे’ निवृत्त होऊन आम्ही भुसावळला राहायला आलो होतो. 2021 साली तिसऱ्यांदा करायची वेळ आली तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, नातवाला दमा आहे. तो सुट्टीत येतो तेव्हा ही सुरू करत जाऊ नका.” यावर काय बोलणार?

जुन्या मोटारी जपणारा एक तरुण पुण्याहून येऊन ती घेऊन गेला. त्याच्या आदल्या रात्री ‘ह्यां’नी सगळ्या वह्या काढून बेरीज मांडली. डिझेलची गाडी घेताना महाग, तेल-फिल्टरचा खर्च जास्त. ती भरपूर चालली तरच परवडते. नुसता ‘घर’चा रकाना धरला तर पेट्रोलची लहान गाडीच स्वस्त पडली असती, असा आकडा निघाला. ‘गाव’चा मिळवला तेव्हा कुठे प्रत्येक किलोमीटर स्वस्त झाला. ‘गाव’ची बेरीज ‘घर’पेक्षा मोठी होती.

“म्हणजे तुझ्यामुळे परवडली की काय ही?” चष्मा काढत हे म्हणाले.

आता दारात पेट्रोलची लहान पांढरी मोटार आहे, मला 1999 मध्ये हवी होती अगदी तशी. गेल्या महिन्यात पलीकडच्या घरातली नवी सून आली. “मावशी, तुमच्या गाडीत शिलाई मशीन मावेल का हो? टेबलासकट?”

मी आणि ‘हे’ दोघेही बाहेर गेलो आणि टेप लावून मोजू लागलो.