भाजणे, पक्के होणे आणि सिंटरिंग

मराठीत 'भाजणे' हे क्रियापद भाकरीला, शेंगांना आणि मडक्यालाही सारखेच लागते. व्यवहारात त्याने काही अडत नाही. परंतु प्रगत सिरॅमिक पदार्थांविषयी मराठीत लिहू लागताच ते अपुरे पडते, कारण भट्टीत घडणाऱ्या निरनिराळ्या क्रिया त्या एकाच शब्दाखाली झाकल्या जातात.

परभणी जिल्ह्याची काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतांना पडणाऱ्या भेगा हे त्याचेच फळ होय. अशी माती नुसतीच चाकावर घेतली तर भांडे वाळतानाच तडकण्याची भीती असते. कुंभार मातीत राख, घोड्याची लीद वा भुसा मिसळतो तो याचसाठी. लीद व भुसा आव्यात जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म छिद्रे उरतात. त्यांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, म्हणूनच माठातील पाणी गार राहते.

आव्यात प्रथम ओल जाते. पुढे साधारणतः ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या स्फटिकरचनेत बांधलेले पाणीही निघून जाते व त्यानंतर त्या भांड्याचा पुन्हा चिखल होत नाही. 'कच्चे' आणि 'पक्के' यांमधील सीमा ती हीच. 'पक्का' हा शब्द संस्कृत 'पक्व'पासून आलेला असून 'पिकणे'ही त्याच कुळातले आहे. माघारी न फिरणारा बदल हा अर्थ दोहोंतही आहे, आणि रसायनशास्त्राला तो मान्य व्हावा.

अ‍ॅल्युमिनाची गोष्ट निराळी. त्यात माती मुळीच नसते. तेव्हा 'मृत्तिका' हे नाव येथे फसवे ठरते. त्याची बारीक भुकटी साच्यात दाबून सुमारे १६०० अंशांपर्यंत तापवितात. अ‍ॅल्युमिनाचा द्रवणांक २०५० अंशांच्याही वर असल्याने कण वितळत नाहीत. मात्र बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग फार मोठा असतो आणि तो घटविण्याकडे पदार्थाचा कल असतो. अणू सरकत सरकत कणांच्या स्पर्शस्थानी येतात, तेथे सांधा धरतो, मधली छिद्रे मिटत जातात व वस्तू आकसते. हेच सिंटरिंग. फार वेळ तापविल्यास कणच मोठे होतात, छिद्रे त्यांच्या पोटात अडकतात आणि बळकटी घटते. या क्रियेला 'भाजणे' म्हणणे सैल, 'वितळविणे' म्हणणे सरळ चूक. 'कणसांधणी' हा शब्द योजल्यास निदान क्रिया तरी डोळ्यांपुढे उभी राहील. माठाचा गुण असलेले छिद्र येथे दोष होते, हेही विसरता कामा नये.

हा दोष ओळखण्याची रीत मात्र जुनीच आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांना कच्चे ठरविले, अशी आख्यायिका आहे. नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मगाव नरसी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. त्या वर्षी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. प्रयोगशाळेतही सिरॅमिकच्या पट्टीवर हलका आघात करून तिच्या नादाची वारंवारता मोजतात व तीवरून, पट्टीचे वजन आणि मापे धरून, प्रत्यास्थता काढतात. छिद्रे वाढली की ताठरपणा कमी होतो व स्वर उतरतो. भेग असली तर नाद लवकर विरतो. तडा गेलेले मडके बद्द वाजते ते याच कारणाने.