साथ, भीती आणि लस

रोगाची साथ आणि तिची भीती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात व एकाच वेळी जातात, असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुतः तसे घडत नाही. साथ प्रथम येते. भीती तिच्या मागून, पण कितीतरी अधिक वेगाने येते. आणि भीती निघून जाते तेव्हा रोग पुष्कळदा मागेच रेंगाळत राहिलेला असतो. फ्लूच्या लसीविषयी आपल्या लोकांची मते कशी बनतात व कशी पालटतात हे समजून घ्यावयाचे असेल, तर भीतीचा हा स्वभाव आधी ध्यानात घेतला पाहिजे.

फ्लू म्हणजे नुसते पडसे नव्हे. आपण बोलताना कोणत्याही सर्दी-तापाला फ्लू म्हणतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. पडसे आणणारे विषाणू नाना जातींचे आहेत. फ्लूचे, म्हणजे इन्फ्लुएंझाचे, विषाणू त्यांच्याहून निराळे. खोकल्यातून, शिंकेतून उडालेल्या तुषारांवाटे ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. एकाएकी भरून येणारा ताप, अंग मोडून टाकणारी कणकण, कोरडा खोकला ही त्यांची खूण. बहुतेक धडधाकट माणसे आठवडाभरात उठून कामाला लागतात; परंतु गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, तसेच मधुमेह, दमा, हृदयविकार यांनी आधीच जर्जर झालेले लोक यांच्या बाबतीत तोच ताप फुफ्फुसात उतरतो आणि जिवावर बेततो.

हा रोग किती भयंकर होऊ शकतो याचा अनुभव आपल्या भागाने घेतलेला आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या पोलीस शिपायांना तापाने गाठले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. रेल्वेच्या रुळांवरून रोग देशाच्या पोटात शिरला. देशात जे प्रांत सर्वाधिक होरपळले, त्यांत त्या वेळचा मध्य प्रांत होता. आपला बालाघाट जिल्हा तेव्हा त्याच प्रांताच्या नागपूर विभागात मोडत असे. हिंदुस्थानातील मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीच्या आसपासपासून पुढे केला जातो. १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी किंचित घटल्याचे आढळून आले. त्या वेळी लस नव्हती. एवढेच काय, रोगाचा विषाणू माणसाच्या शरीरातून वेगळा काढण्यास १९३३ साल उजाडावे लागले.

पुढे १९५७ च्या मे महिन्यात सिंगापूरकडून आलेल्या बोटीबरोबर नव्या प्रकारचा फ्लू मद्रास बंदरात उतरला. पुढील काही महिन्यांत भारतात सुमारे ४४ लाख रुग्णांची नोंद झाली. मृत्यू मात्र हजाराच्या घरात राहिले. या दोन साथींतील फरकामुळे लोकांच्या मनात दोन परस्परविरोधी आठवणी ठसल्या. घरातील वृद्धांच्या तोंडून ऐकलेली पहिली आठवण सांगे की, हा रोग गावेच्या गावे ओस पाडतो. दुसरी सांगे की, चार दिवस काढा घेऊन पडून राहिले की माणूस बरा होतो. दोन्ही खऱ्या आहेत, हीच अडचण आहे. कोणत्या वर्षी कोणती खरी ठरेल, हे साथ सुरू होण्यापूर्वी कोणालाच सांगता येत नाही.

आता अलीकडचे उदाहरण पाहू. २००९ साली स्वाइन फ्लू या नावाने ओळखली गेलेली साथ जगभर पसरली. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. शाळेत जाणारी चौदा वर्षांची मुलगी दगावली. त्या दिवसापर्यंत जी बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर होती ती एका रात्रीत घराघरात येऊन बसली. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. मास्क मिळेनासे झाले, तेव्हा लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. कोणी कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगू लागले, कोणी निलगिरीचे तेल रुमालावर शिंपडू लागले.

नावाने केलेला घोटाळा तर औरच होता. स्वाइन म्हणजे डुक्कर. म्हणून डुकराच्या मांसातून रोग होतो असा समज पसरला. वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत सणाला शिजणारे सोरपोतेल त्या वर्षी संशयास पात्र ठरले. इजिप्तच्या सरकारने तर देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. रोग मात्र माणसाकडून माणसाकडे श्वासावाटे जात होता. नीट शिजवलेल्या मांसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. भीतीला शत्रू लागतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूपेक्षा डोळ्यांना दिसणारे जनावर तिला अधिक सोयीचे वाटते.

या सर्व काळात लोक एकच प्रश्न विचारीत होते : लस केव्हा येणार? लस आली ती २०१० मध्ये. त्या वर्षी परदेशातून आणलेल्या मात्रा प्रथम आरोग्यसेवकांसाठी देण्यात आल्या, आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून देशात बनलेल्या लसी बाजारात आल्या. त्यांत पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली, नाकात फवारावयाची लस होती. ज्या शहराने लसीसाठी टाहो फोडला होता त्याच शहरात ती तयार झाली. पण तोवर भीती ओसरली होती. आरोग्यसेवकांसाठी आणलेल्या मात्रांपैकीही पुष्कळ वापराविना राहिल्या. ज्यांनी इतरांना समजावून सांगावयाचे त्यांतील अनेकांनीच दंड पुढे केला नाही.

सरकारी आकडे या स्वभावाचे फळ स्पष्ट दाखवितात. देशात या फ्लूचे २००९ साली ९८१ व २०१० साली १,७६३ मृत्यू नोंदले गेले. २०११ मध्ये ते ७५ वर आले. २०१४ मध्ये केवळ ९३७ रुग्ण नोंदले गेले, आणि हा रोग गेला असेच सर्वांना वाटले. लगेच पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू! पहिल्या भयानक वर्षाच्या तिप्पट माणसे या विसरलेल्या रोगाने नेली. ज्या नागपुरात आपल्याकडचे अत्यवस्थ रुग्ण उपचारासाठी जातात, तेथेही त्या साथीची झळ मोठी होती. हे आकडे प्रयोगशाळेत तपासणी झालेल्यांचेच आहेत. तपासणीविना गेलेल्यांची गणना त्यांत नाही. तहान लागल्यावर विहीर खणावयाची, आणि पाऊस पडला की अर्धी खणलेली विहीर बुजवावयाची, असा हा प्रकार झाला.

मग लस नाकारणारे लोक केवळ अडाणी, असे म्हणून आपण मोकळे व्हावे काय? मला ते न्याय्य वाटत नाही. संशयाला इतिहास असतो. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रँड साहेबाच्या कारकिर्दीत गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, बायाबापड्यांची अप्रतिष्ठा केली. आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी रँडवर जो सूड उगवला तो सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या १० जानेवारीस मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च रोजी प्राण ठेवले. एकच रोग, एकच वर्ष; पण जुलमाने लोकांना रोगोपचारापासून दूर लोटले, आणि सेवेने त्यांना जवळ आणले.

चुकाही घडल्या आहेत. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष एका दूषित झालेल्या बाटलीचा होता. पण त्याचे खापर हाफकिन यांच्यावर फुटले आणि निर्दोष ठरण्यास त्यांना काही वर्षे लागली. १९७६ मध्ये अमेरिकेत फ्लूच्या भीतीने घाईघाईने सुमारे चार कोटी लोकांना लस देण्यात आली. अपेक्षित साथ आलीच नाही. उलट काहींना हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा विकार जडला. हे प्रमाण लाखात एकाच्या आसपास होते, तरी मोहीम थांबविण्यात आली. आजच्या फ्लूच्या लसीत हा धोका दहा लाखांत एक-दोन इतका अल्प मानला जातो. या गोष्टी लपविण्यात शहाणपण नाही. ज्याने त्या स्वतः होऊन सांगितल्या, त्याच्या पुढच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. ज्याने लपविल्या, त्याचे खरे बोलणेही मग खोटे ठरते.

श्रद्धेविषयीही असेच म्हणता येईल. पटकीच्या साथीत आपल्या गावांनी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला. प्लेगच्या दिवसांत वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्त्यांनी रस्त्यांच्या वळणांवर क्रूस उभारले, ते आजही तेथे पाहावयास मिळतात. दोहोंच्या मुळाशी एकच व्याकूळता होती. तिला हसण्याचे कारण नाही. प्रार्थना माणसाला धीर देते. परंतु धीर आणि औषध यांत वैर नाही, हे मात्र श्रद्धावंतांनीच श्रद्धावंतांना सांगितले पाहिजे.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : "लस घेतली आणि फ्लू झाला." टोचावयाची नेहमीची लस मृत विषाणूंपासून वा त्यांच्या तुकड्यांपासून बनते, तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, ती शरीर लढण्याची तालीम करीत असल्याची खूण होय. ती तालीम पुरी होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्या अवधीत रोगाने गाठले तर लसीला दोष देऊन उपयोग नाही. शिवाय इतर विषाणूंच्या सर्दी-पडशाला ही लस आवर घालू शकत नाही. दुसरा आक्षेप : "दरवर्षी पुन्हा कशाला?" फ्लूचा विषाणू आपले रूप सतत पालटतो. गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे पाठ करून यंदाच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याची जी गत, तीच जुन्या लसीची. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा जगातील विषाणूंचा आढावा घेऊन लसीत कोणते प्रकार असावेत ते सुचविते. तिसरा आक्षेप : "मग ती हमखास गुणकारी आहे काय?" नाही. लस आणि विषाणू यांचा मेळ चांगला जमला त्या वर्षीही आजार टळण्याचे प्रमाण शेकडा ४० ते ६० इतकेच असते. पण रोग झालाच तर तो जिवावर बेतण्याचा संभव तिने कमी होतो. पावसाळ्यात छत्री घेऊनही पायघोळ भिजतेच. म्हणून कोणी छत्री घरी ठेवीत नाही.

उकव्यासारख्या गावात हा प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहतो. येथे मँगनीजची खाण आहे, आणि धुळीत राबणाऱ्यांची फुप्फुसे आधीच थकलेली असतात. चुलीच्या धुरात बसणाऱ्या बायकांचेही तेच. आठवडी बाजाराला आसपासच्या वाड्या-टोल्यांवरून गोंड, बैगा, पोवार सारे एकत्र येतात. मोठे रुग्णालय मात्र घाट उतरून बालाघाटला. फ्लूची लस सरकारच्या नित्याच्या लसीकरण कार्यक्रमात नाही. महाराष्ट्राने २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही व रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या लोकांसाठी ती मोफत देण्यास आरंभ केला. बाकीच्यांना ती खाजगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावी लागते, आणि तो पैसा म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्या न घेण्याला आपण विरोध समजतो, ही मोठी गफलत आहे. लोकमत पालटण्यापूर्वी लस आवाक्यात आली पाहिजे.

आणि भाषेचेही तितकेच महत्त्व आहे. २०२१ साली कोविडच्या लसीविषयी मेळघाटात अफवा पसरल्या तेव्हा कोरकू बोलीतून माहिती सांगण्याचे प्रयत्न झाले. फळ्यावर लिहिलेली सूचना वाचून कोणी दंड पुढे करीत नाही. ओळखीच्या माणसाने आपल्या बोलीत सांगितले, स्वतः आधी घेऊन दाखविली, तर शेजारी हळूहळू पुढे येतो. हाफकिन यांनी १८९७ मध्ये जे केले ते आशा कार्यकर्ती, शिक्षक आणि खाणीतला मुकादम यांनाही करता येण्याजोगे आहे.

आपल्या देशात फ्लू बहुधा दोनदा डोके वर काढतो : पावसाळ्यात, आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात. म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वीच, एप्रिल-मे महिन्यांत, घरातील गरोदर सून, दमेकरी वडील, मधुमेही आई यांच्याविषयी डॉक्टरांशी बोलून ठेवावे. ताप आलेल्या मुलाला शाळेत धाडू नये. खोकताना तोंडावर पदर वा रुमाल धरावा. हात साबणाने धुवावेत. धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले, ताप उतरून पुन्हा चढला, तर काढ्यावर विसंबून न राहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फ्लूवरील औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. यांपैकी कोणतीही गोष्ट करण्यास भीतीची आवश्यकता नाही. भीती दोन महिन्यांची पाहुणी असते. विषाणू मात्र दरवर्षी येणारा आहे, आणि त्याची तयारी शांत दिवसांतच करावी लागते.