वूफर घेताय? आधी कान लावा!

घरात कॉम्प्युटर येऊन जरा स्थिरस्थावर झाला, की पुढची मागणी ठरलेलीच. "आई, स्पीकर घेऊ या ना! वूफरवाले!" मग बाबांचा शेरा, "आहेत की त्याच्यात!" आणि शेवटी भिशीच्या पैशांवर सगळ्यांचा डोळा. दुकानात गेलं तर दुकानदार आपल्याशी बोलतच नाही. तो बोलतो मुलाशी. आपण मागे पर्स सांभाळत उभ्या! जणू आवाजातलं आपल्याला काही कळतच नाही. अहो, बाहेरच्या खोलीत बसून कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या आणि मिक्सरची घरघर बदलली की ओळखणाऱ्या आपण. कान आपलेच तयार असतात. दोन शब्द समजून घेतले, की झालं.

पहिला शब्द, टू पॉइंट वन. यातले दोन म्हणजे टेबलावर ठेवायचे छोटे स्पीकर आणि पॉइंट वन म्हणजे टेबलाखालचा मोठा डबा, सबवूफर. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. यातले अगदी खालचे, खर्जातले आवाज दोन-तीन इंची स्पीकरला पेलत नाहीत, कारण त्यासाठी बरीच हवा हलवावी लागते. ते काम हा डबा करतो. डग्ग्याची घुमक, ढोलाचा ठोका, सिनेमातला स्फोट, हे सगळं त्याचं खातं. नुसते दोन स्पीकर घेतले, तर तो टू पॉइंट झिरो.

आता सांगा, तुमच्या घरात त्या कॉम्प्युटरवर ऐकलं काय जातं? मुलीचा ऑनलाइन क्लास, सासूबाईंचं कीर्तन, परदेशातल्या दिराचा व्हिडिओ कॉल, पाककृती, मालिकेचा चुकलेला भाग. यात नव्वद टक्के काम शब्दांचं! आणि शब्द कळतात ते क, त, स, श या व्यंजनांमुळे. ती असतात वरच्या पट्टीत. वय वाढतं तसे नेमके तेच वरचे आवाज आधी कमी ऐकू येऊ लागतात. त्यात वूफर घुमायला लागला, की त्याच्याखाली शब्द दबतात. आजी म्हणतात, "मोठं कर गं." आपण मोठं करतो, धमधम वाढते आणि कीर्तनकार काय म्हणाले ते कळत नाही ते नाहीच. अशा घराला दोन चांगले स्पीकर पुरतात, आणि त्याच पैशात ते वूफरच्या सेटमधल्या दोघांपेक्षा बहुधा सरस मिळतात. घरात गाण्याचा, तबल्याचा नाद असेल किंवा सिनेमे बघणारी मंडळी असतील, तर मात्र वूफर जरूर घ्यावा. डग्ग्याशिवाय तबला म्हणजे फोडणीशिवाय वरण!

दुसरा शब्द वॉट. खरी फसगत इथे होते. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, हजार वॉट, दोन हजार वॉट, पीएमपीओ. हा आकडा म्हणजे क्षणभरासाठी जास्तीत जास्त किती जोर निघेल याचा अंदाज, आणि तो मोजायची सर्वमान्य पट्टीच नाही. पाहुणे आले म्हणून एखाद्या दिवशी आपण तासाभरात पन्नास पोळ्या लाटतो. पण म्हणून रोज, दर तासाला तेवढ्याच लाटा म्हटलं तर? सतत किती जोर निघतो तो आकडा आरएमएसचा. तो बारीक अक्षरांत, खोक्याच्या मागे नाहीतर खाली असतो. तोच वाचायचा. दिलेलाच नसेल, तर खोकं परत ठेवायचं.

टेबलाशी बसून ऐकायला दोन्ही बाजूंना पाच-पाच वॉट आरएमएस भरपूर होतात. वूफरच्या सेटचा मिळून २५-३० असला, तर मधली खोली भरते. ज्या स्पीकरला वीजही यूएसबीच्या वायरमधूनच जाते, त्यांचं गणित तर सोपं आहे. साध्या यूएसबी पोर्टमधून मिळते जेमतेम अडीच वॉट, नव्यातून साडेचार. मग हजार वॉट येणार कुठून?

दुकानात जाताना मोबाइलमध्ये आपल्याला पाठ असलेलं एक भावगीत न्या, आणि कुणाचं तरी पाच मिनिटांचं भाषण. दुकानदार त्याचं ठरलेलं ढिंगचॅक गाणं लावेल. ते प्रत्येक सेटवर जोरातच वाजतं. त्याला सांगा, "दादा, हे लावा." आधी अगदी हळू आवाजात ऐका. शब्द स्वच्छ येतात का? मग पाऊण आवाजावर न्या. गायिकेचा स्वर चिरकतो का, डबा थरथरतो का? गाणं बंद करून आवाज तसाच ठेवा आणि कान जवळ न्या. गुंऽऽ असा आवाज जोरात येत असेल, तर तो घरी रात्री जास्तच छळेल. वूफरचा आवाज कमी-जास्त करायचं वेगळं बटण असलाच पाहिजे, असा हट्ट धरा. दुपारी मुलगा वाढवील, संध्याकाळी आजींसाठी ते उतरवता येईल.

रंगीबेरंगी दिवे, रिमोट, एफएम, पेनड्राइव्हची खाच यांचे पैसे आपल्याच खिशातून जातात, हे विसरू नका. कमी बजेटमध्ये ते निघतात आवाजाच्या दर्जातून. ब्लूटूथ असलं तर चांगलं, पण वायरची सोयही हवी. काही सेटमध्ये ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

घरी आणल्यावर पिन कॉम्प्युटरच्या मागच्या, बहुतेक हिरव्या रंगाच्या भोकात घाला. छोटे स्पीकर मॉनिटरच्या दोन बाजूंना, तोंड आपल्याकडे करून. डबा जमिनीवर कुठेही चालतो, कारण खर्जाचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही. मात्र कोपऱ्यात सारला तर तो फार घुमतो, भिंतीपासून थोडा सुटा ठेवा. तुमची भिंत शेजारच्यांची पण असेल, तर जास्तच जपा. खर्ज भिंतीतून आरपार जातो, आणि निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत घातलेली आहे.

आणि हो, पक्कं बिल घ्या. वॉरंटी कार्डावर तारखेसह दुकानाचा शिक्का मारून घ्या, आणि सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आहे की थेट पुण्या-मुंबईला, हे पैसे देण्याआधी विचारा. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.