समुद्र चढला की जमीन खचली?

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटच्या डोंगरातल्या माणसाने किनाऱ्याच्या गोष्टी का सांगाव्यात, असे कोणी विचारील. मी शाळा फारशी शिकलो नाही. पण कामगारांत राहून एक गोष्ट शिकलो, की खाली खणणाऱ्या मजुराला जे दिसते ते पुष्कळदा मोठमोठ्यांना दिसत नाही.

१८७८ साली मुंबईत प्रिन्सेस डॉकची गोदी खोदली जात होती. समुद्राच्या पातळीखालच्या चिखलात मजुरांना खैराच्या झाडांचे शेकडो बुंधे सापडले. त्यांतले पुष्कळ मुळांसकट उभेच होते. खैर काही खाऱ्या पाण्यात उगवत नाही. अर्थात तेथे एके काळी कोरडे रान होते. मग समुद्र चढला, की जमीन खचली?

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. पुष्कळसे पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळले आणि समुद्र जगभर चढला.

पण स्वीडनच्या किनाऱ्यावर उलटा प्रकार दिसतो. तेथे जमिनीवर सुमारे तीन किलोमीटर जाडीचे बर्फ होते. त्या भाराने जमीन दबली व खालचा तप्त खडक संथपणे बाजूला सरकला. भार उतरताच तो परत येऊ लागला. पाठीवरचे पोते टाकले की हमाल लगेच ताठ होतो. जमिनीला मात्र दहा हजार वर्षेही पुरली नाहीत. ती अजून वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर वर येते. स्कूले डोंगरावर जुन्या किनाऱ्याची खूण आज २८६ मीटर उंचीवर आहे. १७३१ साली सेल्सियस या शास्त्रज्ञाने तिकडच्या एका खडकावर पाण्याच्या रेषेशी खूण कोरून ठेवली. पाणी आटते आहे, असे त्याला वाटले. वास्तविक जमीन उठत होती.

कोकणावर असे बर्फ कधी नव्हते, म्हणून तो हिशेब इकडे लागू नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासूनच समुद्राच्या पातळीची नोंद आहे. पण ती पट्टी जमिनीलाच ठोकलेली. जमीन हलली तर पट्टीही हलते. म्हणून आता उपग्रहांनी दोन्ही वेगवेगळी मोजतात.

आज पृथ्वी तापून समुद्र पुन्हा चढतो आहे. पाणी चढो वा जमीन खचो, सखल भागातल्या झोपडीत पाणी आधी शिरते. तेव्हा मोजमाप चोख हवे, आणि ते तिथल्या माणसांना समजेल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.