चावी न देता चालणारे स्वस्त घड्याळ

स्वस्त वस्तू टिकत नाही, अशी आपली पक्की समजूत. जपानच्या सेको कंपनीने १९६३ साली काढलेल्या ‘सेको फाइव्ह’ मनगटी घड्याळाने ती खोटी पाडली. याला सेल लागत नाही आणि रोज चावीही द्यावी लागत नाही. हात हलला की आतले अर्धचंद्राकृती वजन फिरते व कमान गुंडाळली जाते. वजन डावीकडे फिरो की उजवीकडे, दोन नख्यांची एक लहानशी पट्टी दातेरी चाक एकाच दिशेने पुढे सरकवते. ही ‘मॅजिक लिव्हर’ युक्ती सेकोने १९५९ मध्येच वापरात आणली होती. भाग थोडे, म्हणून किंमतही थोडी. खरी करामत हीच!

दिवसाला काही सेकंद मागेपुढे होतात, पण विहिरीवरची मोटार लावायला तेवढे चालते. हातातून काढून खुंटीला लावले, तर मात्र दीडेक दिवसात थांबते.

आपल्या एच.एम.टी.ची विद्याही जपानचीच. बंगळूरचा तिचा कारखाना १९६१ साली सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. २०१६ मध्ये सरकारने हा घड्याळांचा धंदा बंद करायचे ठरवले.

जुने सेको घेताना तबकडी निरखून पाहावी. कडा झिजलेल्या, पण तबकडी कोरी करकरीत आणि अक्षरे जाडीभरडी असतील, तर ती नव्याने रंगवलेली समजावी. मागचे झाकण उघडून यंत्र दाखवायला सांगावे. दुकानदार कां-कूं करू लागला, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.